दुपारी चित्र, संध्याकाळी मुंग्या

मित्रांनो, जरा वर बघा. पाण्याच्या टाकीशेजारी, गंजक्या नळीला बांधलेलं, माशाच्या काट्यासारखं काहीतरी दिसतंय ना? त्याच्या दोन काड्या वाकल्या आहेत आणि एकीवर कावळा बसलाय. तो कावळा सोडून बाकीचं सगळं म्हणजे मी. मी टीव्हीचा जुना अँटेना आहे. मला तुम्हाला एका हिवाळ्याची गोष्ट सांगायची आहे, कारण त्या हिवाळ्यात मी भंगारात जाता जाता वाचलो. आणि माझ्यापेक्षाही मोठी काळजी माझ्या घरातल्या एका माणसाची मिटली.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एक बाई ॲल्युमिनियमच्या नळ्यांना भोकं पाडत होत्या, दुसऱ्या स्क्रू आवळत होत्या आणि दोघी मिळून आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगत होत्या. त्यामुळे ऐकायची सवय मला जन्मापासूनची आहे. तसं आमचं काम साधंच. हवेतून येईल ते झेलायचं आणि वायरीतून खाली सोडायचं, स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. तुम्ही म्हणाल, मग गच्चीवर बसून याला घरातलं कसं कळतं? अहो, माझ्यापासून निघालेली वायर भिंतीवरून उतरते, खिडकीतून आत जाते आणि थेट टीव्हीच्या पाठीत शिरते. तिच्या पोटात काही राहत नाही. ती मला सगळं सांगते.

मला घरी आणलं ते शिंपीकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांना लहानपणापासून ऐकू येत नाही. ते हातांनी बोलतात, आणि काय सांगू, तोंडानं बोलणाऱ्या चार माणसांना भारी पडतील इतकं बोलतात. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ऐकू येतं. पण लग्न झाल्यावर त्या ही भाषा अशी शिकल्या की आता स्वतःशी पुटपुटतानाही त्यांची बोटं हलतात. मास्तरांना हाक मारायची असली की त्या लाकडी जमिनीवर पाय आपटतात. फळी थरथरली की मास्तर शिलाईच्या मशीनवरून मान वळवतात. या दोघांची एकुलती एक लेक म्हणजे चिऊ. ती बोबडं बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली.

मला बसवलं त्या दिवशी कोण कौतुक झालं माझं. टीव्ही दुरुस्त करणारा पक्कडभाऊ तेव्हा अगदी तरुण होता. त्याच्या खिशातून पक्कड कधी निघत नाही, म्हणून त्याचं हे नाव पडलं. तो वर मला फिरवत होता आणि खाली अर्धी गल्ली "आलं, आलं, गेलं, परत आलं" करत होती. चित्र स्थिर झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी टाळ्या ऐकल्या नाहीत, पण हात हलताना पाहिले आणि त्यांची छाती फुगली. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

पण कौतुक काय कायमचं टिकतं? हळूहळू सगळ्यांनी आपापले टीव्ही घेतले. मग केबल आली. शेजारच्या गच्च्यांवरचे माझे भाऊबंद एकेक करून उतरले. मी राहिलो खरा, पण माझ्या नळीला कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली, आणि कावळ्यांनी मला आपली कचेरी करून टाकलं. माझ्याकडे मान वर करून कुणी बघेना.

मग चिऊ मोठी झाली, शहरात गेली आणि तिथल्या लहानशा टीव्ही केंद्रावर कामाला लागली. दर रविवारी संध्याकाळी ऐकू न येणाऱ्यांसाठी बातम्या असतात. एक बाई बातम्या वाचतात आणि त्यांच्याशेजारी बसून चिऊ त्या हातांनी सांगते. हे केंद्र केबलवर लागत नाही, फक्त अँटेनावर दिसतं. झालं, माझे दिवस पालटले. रविवार आला की मास्तर स्वच्छ शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे. बाकीच्या जगासाठी त्या बातम्या असतील, मास्तरांसाठी ती लेकीची भेट होती.

त्या बातम्यांच्या शेवटी चिऊ एक गंमत करायची. नमस्कार झाला की पडदा काळा होण्याआधी ती चिमटीत दोरा धरल्यासारखं करून मनगट फिरवायची आणि हवेत एक गाठ मारायची. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई बोटं मोकळी करतेय. ती गाठ फक्त मास्तरांसाठी होती. काम पुरं झालं की दोऱ्याला गाठ मारायची, हे त्यांनीच तिला मशीनशेजारी बसवून शिकवलं होतं. इकडे मास्तर खुर्चीवर बसून तशीच गाठ मारायचे आणि दातांनी दोरा तोडल्याचा आव आणायचे. मग त्यांचा आठवडा सुरू व्हायचा.

त्या हिवाळ्यात चिऊ केंद्राच्या दंवानं निसरड्या झालेल्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तिच्या जागी एक गृहस्थ यायला लागले. त्यांचे हात इतके अवघडलेले की पाऊस सांगताहेत की निवडणूक, ते कळू नये. मास्तर तरीही दर रविवारी बसायचे, आणि शेवटी गाठ न मारता उठून जायचे.

एके दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात चिऊचा फोन आला. काकू धावत गेल्या आणि हसत परत आल्या. "प्लास्टर निघालं. हात बरा आहे. या रविवारी चिऊ परत बसणार," त्यांनी हातांनी सांगितलं. मास्तरांचे हातही मी तुम्हाला शब्दांतच सांगतो.

"तिनं सांगितलं की तू सांगतेस?"

"तिनंच सांगितलं. मी कशाला खोटं बोलू?"

"तुम्ही दोघी फोनवर बोलता आणि मला निवडून सांगता. माझी बहीण आजारी होती तेव्हाही बरी आहे म्हणालात. मनगट वळत नसेल तर ती बोलणार कशी माझ्याशी? मी डोळ्यांनी बघेन तेव्हा खरं."

बहिणीच्या बाबतीत ते खरंच होतं. आणि मित्रांनो, मास्तरांची भीतीही काही खुळी नव्हती. तुमच्या ओळखीच्या माणसाचा आवाज बसला तर तो खोकून पुन्हा बोलू शकतो. पण चिऊचं मनगट आखडलं असतं तर बापलेकीचं बोलणंच अर्धं झालं असतं. म्हणून त्या रविवारचं चित्र नीट दिसणं फार गरजेचं होतं.

आणि नेमकी तेव्हाच थंडीनं कमाल केली. दिवस कलला की नळाचं पाणी गोठायचं, गच्चीवर दंवाचा पांढरा थर धरायचा, माझ्या काड्या नुसत्या काकडायच्या. त्याबरोबर खाली टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. माणसाचं डोकं कुठलं आणि हात कुठले, काही पत्ता लागायचा नाही. सकाळीही तेच. दुपारी ऊन भिंतीवर आलं की चित्र आरशासारखं लख्ख. रोज हाच खेळ चालायचा.

काकूंनी टीव्हीला थापट्या मारून पाहिल्या. मास्तरांनी मागची पिन काढून पुसली आणि परत लावली. मग शेजारचे सल्लागार आले. ते एका कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि न मागता सल्ला देतात म्हणून गल्लीनं त्यांना ही पदवी दिली होती. कानटोपी, मफलर, हातमोजे असा जामानिमा करून ते गच्चीवर चढले आणि त्यांनी मला डावीकडे पिळलं, मग उजवीकडे पिळलं. माझ्या दोन काड्या तेव्हाच वाकल्या.

"वहिनी, हा म्हातारा झालाय," खाली येऊन ते म्हणाले. "थंडी सोसत नाही त्याला. काढा आणि भंगारात द्या."

मला फार लागलं ते. इतकी वर्षं ऊन, पाऊस, कावळे सगळं सोसलं, आणि दोष माझाच. पण मला तोंड कुठे आहे बोलायला? मी आपला वाऱ्यात उभा राहिलो.

पक्कडभाऊ दोनदा येऊन गेला. दुकानातून त्याला दुपारीच सवड मिळायची, आणि दुपारी तर चित्र छान. तो मान हलवायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

"तुम्ही आलात की हा शहाण्यासारखा वागतो," काकू म्हणाल्या. "डॉक्टर दारात आले की ताप उतरावा तसं चाललंय. तुम्ही रविवारी संध्याकाळीच या बाबा. नाहीतर हे मला घराबाहेर काढतील."

रविवारी दिवस कलताना पक्कडभाऊ आला तो खांद्यावर नवाकोरा अँटेना घेऊन. त्याच्या काड्या अशा चकाकत होत्या की कावळासुद्धा दोन पावलं सरकला. मी समजलो, आपलं आटोपलं. पक्कडभाऊनं माझी वायर सोडली, नव्याला जोडली आणि वरून ओरडला, "काकू, बघा आता."

खाली मुंग्याच. नवा अँटेना, झकपक अंग, आणि चित्राच्या नावानं शून्य. मित्रांनो, दुसऱ्याच्या फजितीनं खूश होऊ नये हे मला कळतं. तरी त्या वेळी माझा जीव असा भांड्यात पडला की विचारू नका. पक्कडभाऊनं नव्याला बाजूला ठेवलं, वायर परत मला जोडली आणि माझ्या नळीवर थाप मारली. "तुझा दोष नाही रे बाबा," तो पुटपुटला. इतक्या दिवसांत हे कुणी म्हणालं नव्हतं.

खाली आल्यावर त्यानं काकूंना विचारलं, "चित्र जातं तेव्हा आवाज कसा असतो? खरखर येते का?"

"कसला आवाज?" काकूंनी विचारलं.

"आवाज हो. टीव्हीचा."

"माहीत नाही," काकू म्हणाल्या. "आम्ही लावत नाही."

पक्कडभाऊला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. गल्लीतली माणसं टीव्ही बघायला यायची बंद झाली, त्या सुमाराला काकूंनी एका संध्याकाळी आवाजाचं बटण शेवटपर्यंत मागे फिरवून ठेवलं होतं, ते पुन्हा कधी पुढे आलंच नाही. मास्तरांना हे कळायचं कारणच नव्हतं. बटणात धूळ इतकी साचली होती की ते पकडीनं धरून फिरवावं लागलं.

आणि टीव्ही बोलला. काकू दचकून मागे सरकल्या. कुणीतरी थंडीबद्दल काहीतरी सांगत होतं, आणि त्या बोलण्यात मधूनमधून कढईत ओलं काही पडावं तशी चरचर होत होती. पक्कडभाऊनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. बाहेर वारा आला की चरचर. वारा पडला की गप्प.

"म्हणजे वायर कुठेतरी सैल आहे," तो म्हणाला. "वारा हलवतो आणि ती बोलते. एवढं आधी ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडली असती. काकू, तुम्ही इथे कान देऊन बसा. मी बाहेरून वायर हलवत येतो. चरचर झाली की सांगा."

आता आली पंचाईत. थंडीमुळे दारंखिडक्या गच्च बंद, बाहेर वारा घोंघावतोय. काकूंनी आतून ओरडलेलं शिडीवरच्या पक्कडभाऊला काही ऐकू जाईना. तेव्हा मास्तर उठले, दार उघडून उंबरठ्यावर उभे राहिले. तिथून त्यांना आतल्या काकूही दिसत होत्या आणि शिडीवरचा पक्कडभाऊही. काकू ऐकायच्या आणि बोटांनी सांगायच्या, मास्तर तेच हात उंच करून बाहेर सांगायचे. "नाही. नाही. थोडी. नाही." पक्कडभाऊला ती भाषा येत नव्हती, पण तेवढं कुणालाही कळलं असतं. सल्लागारही बाहेर येऊन उभे राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांना काही सुचत नव्हतं.

पक्कडभाऊचा हात खिडकीखाली पोचला तेव्हा काकूंची दहाही बोटं एकदम थरथरली. मास्तरांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. सापडलं.

तिथे वायरीचा एक जोड होता. मास्तरांनी मशीन उजेडात घेतलं तेव्हा टीव्ही समोरच्या भिंतीला हलवावा लागला होता आणि वायर तोकडी पडली होती. सल्लागारांनी "त्यात काय" म्हणत एक तुकडा पिळून जोडला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. त्या उघड्यावरच्या जोडाची मास्तरांना दया आली. थंडीवाऱ्यात बिचारा कसा राहील, म्हणून त्यांनी आत कापूस भरून, बारीक टाके घालून त्याला एक छानसा अंगरखा शिवला. टीव्हीच्या वायरीला अंगरखा शिवणारं घर सगळ्या जगात हे एकच असेल.

आणि घोटाळा तिथेच होता. कापूस दंव पीत राहिला. आतली तांब्याची तार हिरवी पडली. दिवस कलला की आतलं पाणी गोठून फुगायचं आणि जोडाच्या तारा एकमेकींपासून दूर ढकलायचं. दुपारी ऊन आलं की बर्फ वितळून तारा परत टेकायच्या. पक्कडभाऊनं अंगरखा कापून काढला तेव्हा तो लाकडासारखा कडक झाला होता. मास्तरांनी तो हातात घेतला. आपलेच टाके त्यांनी ओळखले आणि त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आत बातम्या सुरू झाल्या. वाचणाऱ्या बाईंचा नमस्कार काकूंना स्वच्छ ऐकू आला. पण पडद्यावर मुंग्यांखेरीज काहीच नव्हतं, कारण पक्कडभाऊ नवा जोड करत होता आणि दोन टोकं त्याच्या हातात नुसती टेकत होती, त्यातून आवाज तेवढा येत होता. मास्तर आत आले आणि त्यांनी विचारलं, "चिऊ आहे का?"

काकूंनी कान टीव्हीला लावला. बाई वाचत होत्या, आणि त्यांच्याशेजारी कुणी बसलं आहे की नाही, हे आवाजावरून कसं कळावं? चिऊ तर हातांनी बोलते. इतकी वर्षं सगळं ऐकू येणाऱ्या काकूंना त्या दिवशी आपले कान बिनकामाचे वाटले. "माहीत नाही," त्यांनी सांगितलं. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा त्यावर विश्वास बसला.

बाहेर गारठ्यानं पक्कडभाऊची बोटं वळत नव्हती. त्यानं तार खरवडून तांबं लाल केलं, पक्कड लावून घट्ट पीळ दिला, वरून रबर चढवलं. तो मनातून माझ्यावर भडकला असेल असं मला वाटलं, पण तो शिट्टी वाजवत होता. मी वर ताठ उभा राहून येईल ते सगळं झेलत होतो. एक लहर सोडली नाही, खरंच सांगतो.

मुंग्या पांगल्या. चिऊ दिसली.

मास्तर पडद्याच्या इतके जवळ गेले की काकूंना त्यांच्या खांद्यावरून बघावं लागलं. चिऊचे दोन्ही हात चालत होते. उजवा जरा सावकाश, घराबाहेर पहिल्यांदा निघालेल्या आजाऱ्यासारखा, पण चालत होता. मास्तर बातम्या बघतच नव्हते, फक्त मनगट बघत होते. बातम्या संपल्या, नमस्कार झाला. चिऊनं चिमूट धरली, मनगट फिरवलं, आणि ते अर्ध्यावरच अडलं. चिऊ स्वतःशीच हसली, हात झटकला आणि पुन्हा मनगट फिरवून गाठ घट्ट मारली. मग पडदा काळा झाला.

मास्तरांनी हवेत गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि मशीनच्या स्टुलावर बसून चष्मा पुसत राहिले. काकू डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

"मी सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या.

"तू सांगितलं होतंस. आता मी पाहिलं." मग मास्तरांनी टीव्हीच्या बटणाकडे बोट केलं. "हे इतकी वर्षं बंद का?"

काकूंनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं, पण त्या घरात ती युक्ती चालत नाही. "तुम्हाला नाही ऐकू येत, तर मी एकटीनं कशाला ऐकू?"

मास्तरांचे हात हलले. "मला चष्मा लागतो म्हणून तू डोळे मिटून बसतेस का?" त्यांनी मशीनवरचा कापड आखायचा खडू उचलला, काकूंना बटण फिरवायला लावलं, आणि त्या "बास, एवढा पुरे" म्हणाल्या तिथे खूण केली. "रोज इथपर्यंत," त्यांनी बजावलं.

पक्कडभाऊ चहा पिऊन नवा अँटेना परत घेऊन गेला. जाताना सल्लागारांना म्हणाला, "म्हातारा ठणठणीत आहे. तुमचा जोड तेवढा म्हातारा झाला होता." सल्लागारांनी मफलर नीट केला आणि थंडीचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः गच्चीवर आले, माझ्या वाकलेल्या काड्या हातानं सरळ करायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि कपड्यांची दोरी माझ्यावरून सोडून टाकीला बांधली. अंगरखा धुऊन वाळवला गेला. आता काकू त्यानं गरम किटली धरतात.

तर मित्रांनो, थंडीत चित्र गेलं की लगेच वर बघून आम्हाला म्हातारं ठरवू नका. आधी वायर हातानं चाचपत या. जोड उघडून बघा. कुणी मायेनं त्यावर काही गुंडाळलं असेल तर तेही एकदा सोडून बघा, आणि घरात कुणी काही बंद करून ठेवलं असेल तर का ठेवलंय, हे त्या माणसाला विचारा.

आज रविवार आहे. गच्चीवर दंव पडायला लागलंय. खाली बटण खडूच्या खुणेपर्यंत फिरलं, काकूंनी जमिनीवर पाय आपटला आणि मास्तर खुर्चीवर येऊन बसले. तुम्ही आता घरी जा, मला काम आहे. कावळ्यालाही मी तेच सांगितलंय.